आठवा तीर

“हेडफोन लावूनच खेळायचं,” यशोधन दारातूनच म्हणाला. “तेवढं वचन दे, मगच आत येतो.”

त्याच्या एका हातात हेडफोनची काळी पेटी होती आणि दुसऱ्या हातात ओल्या हरभऱ्याचा भलामोठा डहाळा. पहाटे उठून पुण्याहून कराडपर्यंत तो स्वतः गाडी चालवत आला होता. तरीही त्याच्या चेहऱ्यावर थकवा नव्हता, उलट एक विचित्र अधीरपणा होता. परीक्षेचा पेपर फुटलेला असावा आणि ते केवळ आपल्यालाच ठाऊक असावं, तसा.

“वचन कसलं मागतोस? मी नेहमी हेडफोन लावूनच खेळतो.”

“तुझी ती डबडी नाहीत रे रंग्या. हे लावून.”

“यशा, दारात काय उभा राहिलास? आत ये की,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. मग बाहेर येऊन तिने तो डहाळा पाहिला आणि तिचा चेहरा उजळला. “हे कुठनं?”

“पाचवडच्या नाक्यावर एक आजी बसली होती, काकू. म्हटलं, तुमच्या हातची सोलाण्याची उसळ खाऊन वर्ष झालं.”

“वर्ष कुणी करायला सांगितलं होतं?” आई म्हणाली. डहाळा घेऊन ती आत गेली आणि थोड्या वेळाने चहा घेऊन आली. माझा कपात, यशोधनचा स्टीलच्या पेल्यात. त्या पेल्यावर माझ्या आत्याचं नाव कोरलेलं होतं, काठाला एक पोचा होता, आणि आमच्या घरात त्याला ‘यशाचा पेला’ म्हणत. तो येत नसे त्या दिवसांत तो पेला फळीवर पालथा असे. दुसऱ्या कुणाला त्यातून काही दिलं जात नसे.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. त्या दिवसाचं ऊन मला अजून आठवतं. माघ महिना होता, हवा कोरडी आणि इतकी निर्मळ होती, की खिडकीतून आगाशिवच्या डोंगरावरची एकेक कपार मोजता आली असती.

त्या काळी मी ‘खेळवही’ नावाचं एक संकेतस्थळ चालवत असे. व्हिडिओ गेमवर मराठीतून लिहिणारे फार थोडे होते, आणि बोलण्याऐवजी नुसतं लिहिणारा तर बहुधा मी एकटाच. चेहरा दाखवायचा नाही आणि आवाजही ऐकवायचा नाही, ही माझ्या स्वभावाची सोय होती. वाचकांना मात्र तो बाणा वाटे. मी खेळांना गुण देत नसे. लेख कितीही लांब झाला तरी त्याची शेवटची ओळ एकाच शब्दाची असे: ‘घ्यावा’, ‘थांबावं’ किंवा ‘सोडावा’. पुष्कळ जण थेट खाली जाऊन तो शब्द वाचत आणि मग वर येत. कुणी पत्र पाठवी, “तुमच्या शब्दावर घेतला, पस्तावलो नाही.” माझ्याजवळ जगाला देण्यासारखं तेवढंच एक होतं, आणि ते मी जपून वापरत असे.

यशोधन माझा शाळेपासूनचा मित्र, आणि खरं सांगायचं तर एकुलता एक. तो पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत ध्वनीचं काम करत असे. तिथल्या आठ जणांनी मिळून त्याआधी तीन वर्षांपूर्वी ‘सातवा तीर’ हा खेळ काढला होता. आपलं नाव विसरलेला एक वाटसरू धुक्याच्या नदीतून प्रवास करतो. प्रत्येक तीरावर एक नगर असतं. तिथे माणसं भेटतात, लढाया होतात, मंत्र शिकावे लागतात. एका तीरापासून दुसऱ्यापर्यंत त्याला नेतो तो एक म्हातारा नावाडी. तो कधी बोलत नाही. सातव्या तीरावर खेळ संपतो, आणि वाटसरूला त्याचं नाव तेव्हाही सापडलेलं नसतं. त्या न सापडण्यावर लोक वर्षानुवर्षं वाद घालत होते.

आता त्या खेळाची विस्तारित आवृत्ती निघत होती. जुने सात तीर नव्याने रंगवलेले, आणि पुढे एक आठवा. गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता सगळ्या परीक्षणांवरचा पडदा उठणार होता. माझी प्रत चार दिवस आधी आली होती, यशोधनच्या एका अटीसह: तो शेजारी बसलेला नसताना मी आठव्या तीरावर पाऊल टाकायचं नाही.

म्हणून तो आला होता. आणि तो गुरुवार होता.

“बोल. सात तीरांबद्दल काय मत?” पेल्यावर फुंकर घालत त्याने विचारलं.

“नकाशा सुधारला. जिना चढताना माणूस भिंतीत शिरत नाही, हे चांगलं. लढाया उगाच सोप्या केल्यात.”

“आणि?”

“आणि ज्याने आधीच घेतलाय, त्याने पुन्हा का घ्यावा, हे मला अजून कळलेलं नाही.”

“आठवा तीर आहे ना.”

“यशा, पुरा झालेला खेळ पुन्हा उघडायचा म्हणजे शिवलेला सदरा उसवण्यासारखं आहे. आत दाबून ठेवलेलं कापड असेल, तर तो वाढवता येतो. नसेल तर बाहेरून ठिगळ लावावं लागतं.”

“झालं! लेखातलं वाक्य तोंडावर टाकलंस.” तो हसला. “कापड आहे. तू बघच.” मग पेला खाली ठेवून, माझ्याकडे न पाहता म्हणाला, “आठव्यात नावाडी बोलतो.”

पहिल्या आवृत्तीवर लिहिताना मी एक वाक्य लिहिलं होतं: ‘नावाडी बोलत नाही, म्हणूनच तो आपला होतो.’ स्टुडिओने ते वाक्य नंतर जाहिरातीत वापरलं होतं. ते मी कुठून आणलं होतं, हे यशोधनइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

“त्याला बोलायला लावलंत?”

“आधी ऐक.”

“त्याच्या न बोलण्यावरच तर—”

“रंग्या, आधी ऐक रे! या वेळी ध्वनी सगळा माझा आहे. वरचा कुणी नाही, मीच. ही आवृत्ती चालली नाही तर स्टुडिओचं दार बंद, ते सोड. पण हे एक काम मी असं केलंय, की यापुढे काही केलं नाही तरी चालेल. संध्याकाळी तू काय शब्द लिहिशील तो लिही, पण आधी ऐक.”

नावाड्याबद्दल सांगायचं, तर आधी अण्णांबद्दल सांगायला हवं.

माझे वडील एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कराडच्या स्थानकावर एकोणतीस वर्षं त्यांनी गाड्यांची घोषणा केली. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि भाषा गेली. सगळी मात्र गेली नाही. वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेले काही शब्द मेंदूच्या वेगळ्याच कोपऱ्यात राहतात, असं डॉक्टर म्हणाले. अण्णांजवळ एवढंच राहिलं: “फलाट क्रमांक चार.” तहान लागली की तेच, कूस बदलायची असली तरी तेच. रागही त्याच शब्दांत येई आणि मायाही. मला ते सगळं सारखंच ऐकू येई. आईला नाही. घाईने म्हटलं तर पाणी, शेवट लांबवला तर पाठ दुखतेय, आणि अगदी खालच्या सुरात म्हटलं तर काही नको, नुसती येऊन बस. ती घरात कुठेही असो, हाक आली की तिचं उत्तर ठरलेलं असे: “आले हं, आले.”

त्या चौदा महिन्यांत मी अण्णांच्या खाटेजवळ बसून ‘सातवा तीर’ खेळत असे. ते पडद्याकडे कंटाळून पाहत. पण नावाडी आला की त्यांचा डावा हात उचलला जाई. लोकांना आपापल्या गावी धाडून स्वतः धक्क्यावरच राहणारा तो माणूस त्यांना आपल्या खात्यातला वाटत असावा. होडी चालवायला एकच बटण दाबून धरायचं असतं. मी कंट्रोलर त्यांच्या हाती देई आणि ते अंगठ्याने होडी वल्हवीत. सातही तीर आम्ही असे पार केले.

मला ते रंगा म्हणत. श्रीरंग हे नाव आजोबांचं, ते त्यांना माझ्यासाठी जड वाटे. झटक्यानंतर ते माझ्याकडे पाहत, ओठ थरथरत, आणि बाहेर पडे तो फलाटच. संध्याकाळी मी त्यांच्यासमोर बसून त्या एका हाकेची वाट पाहत असे. घाई नव्हती, एकदाच आली असती तरी मला पुरली असती. हे मी आईलाही कधी सांगितलं नाही. फक्त यशोधनला सांगितलं होतं.

तो त्या काळात दर रविवारी येई. नातेवाईक हळूहळू यायचे थांबले होते, मित्र म्हणावेत असे मला नव्हतेच. तो मात्र पुण्याहून येऊन दोन-दोन तास अण्णांचा हात धरून बसे. येताना तो एक छोटं ध्वनिमुद्रक यंत्र आणी, डोक्यावर केसाळ टोपडं असलेलं, आणि ते खिडकीत ठेवी. “तुमच्या या सुबाभळीवर पाखरं भारी आहेत. खेळात कामाला येतील,” तो म्हणे. एकदा त्या यंत्राचं तोंड चुकून खोलीकडे झालेलं मला दिसलं. मी ते झाडाकडे वळवून ठेवलं. पुढच्या रविवारी ते पुन्हा खोलीकडेच होतं. मी पुन्हा वळवलं, आणि त्याच्या वेंधळेपणाचं मला हसू आलं.

अण्णांना जाऊन आता दोन वर्षं होत आली होती. जिथे त्यांची खाट होती, तिथे माझं टेबल आलं होतं.

त्या टेबलाशी मी बसलो. यशोधनने पेटीतून हेडफोन काढून स्वतःच्या हाताने माझ्या डोक्यावर बसवले, वायर जोडली, आणि बाजूला स्टूल ओढून तो बसला. पडद्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता.

सातव्या तीराचा धक्का आला. नावाडी नेहमीसारखा पाठमोरा उभा होता. मी होडीत बसलो, बटण दाबून धरलं, धुकं दुभंगलं. पाण्याचा आवाज अप्रतिम होता. वल्ह्याचा, लाकडाच्या कण्हण्याचा, दूर कुठेतरी पाखरांचा. मग नावाड्याने मान वळवली आणि तो बोलला.

आवाज संथ केलेला होता, त्यावर पाण्याचा घुमार चढवलेला होता. खाली अक्षरं उमटली: ‘पुढचा तीर विस्मृतीचा आहे.’

“कुठली भाषा ही?” हेडफोन किंचित सरकवून मी विचारलं.

“विसरलेली. कुणालाच कळत नाही अशी,” यशोधन म्हणाला. “पुढे जा.”

नावाडी पुन्हा बोलला. या वेळी मी अर्थाकडे न जाता नुसता ऐकत राहिलो. एक शब्द, मग अडखळून तुटलेला दुसरा. मग एक आवंढा, आणि त्या आवंढ्यानंतर एक लहानसा, घाईचा शब्द. तो आवंढा मी चौदा महिने ऐकला होता.

माणूस अशा वेळी काय करतो, याचं मला नंतर आश्चर्य वाटलं. मी ओरडलो नाही. आपल्याला भास होतोय, हे आवाज आपल्या कानातच आहेत, असं वाटून मी खात्री करून घ्यायला हेडफोनची वायर ओढून काढली.

आणि घरभर अण्णांचा आवाज पसरला.

“फलाट क्र... मांक... चार.”

स्वयंपाकघरात आई हरभरा सोलत होती. घाटे फुटल्याचा बारीक टक-टक आवाज मघापासून येत होता, तो थांबला. आणि आतून, सरावाने, जराही न चाचरता, तिचं उत्तर आलं:

“आले हं, आले!”

मग ताट पडल्याचा आवाज झाला.

ती दारात आली तेव्हा तिच्या ओच्यात सोलाणे होते आणि एका हाताने तिने ते घट्ट धरले होते. तिने पडद्याकडे पाहिलं नाही. तिने खाली, टेबलाच्या पायांकडे पाहिलं, जिथे खाट असायची.

“कोण बोललं?”

यशोधन ताडकन उठला आणि वायर जोडायला पुढे झाला. मी त्याचं मनगट धरलं.

“काकू, ते... खेळातलं आहे,” तो म्हणाला.

माझा अंगठा बटणावरून सुटला होता. होडी नदीच्या मध्यावर थांबली होती, आणि तिच्याबरोबर आवाजही.

“थांबला का?” आई म्हणाली. ती माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. “चालव की, रंगा.”

“आई, नको.”

“चालव म्हटलं ना.”

मी बटण दाबलं. होडी हलली. नावाडी बोलला, आणि पडद्यावर अक्षरं आली: ‘ज्यांनी मागे वळून पाहिलं, त्यांना हा तीर घेत नाही.’

“पाणी मागतायत,” आई म्हणाली.

यशोधनने वायर टेबलावर ठेवली.

“घाईनं म्हणालेत बघ. तहान लागलीय.” मग तिने प्रथमच यशोधनकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. यंत्र, खिडकी, रविवार, सगळं. माझ्याही आधी. “यशा, हे भरून घेत होतास, तेव्हा पाणी दिलंस का रे त्यांना?”

“दिलं, काकू.” त्याचे डोळे भरून आले होते. “शपथ. लगेच दिलं.”

“मग ठीक,” आई म्हणाली.

समोर आठवा तीर दिसू लागला होता. तिथे नगर नव्हतं, राक्षस नव्हते. नुसता एक दगडी घाट आणि संध्याकाळचा प्रकाश. मला तिथे जायचं नव्हतं. अंगठा उचलायचा की नाही, एवढंच माझ्या हातात होतं, आणि आई खुर्चीमागे उभी होती. होडी घाटाला लागली. नावाडी वाटसरूजवळ आला, वाकला. आता तो त्याला त्याचं हरवलेलं नाव सांगणार, हे कुणालाही कळलं असतं.

पडद्यावर या वेळी अक्षरं उमटली नाहीत. घुमारही नव्हता, आवाज संथही केलेला नव्हता. जसा होता तसा ठेवला होता. खोल, थकलेला, अगदी जवळचा.

“रंगा.”

मी कंट्रोलर टेबलावर ठेवला.

“हे कधी?” मी विचारलं.

यशोधनने टेबलावरची वायर उचलून बोटाभोवती गुंडाळली.

“कधी, यशा?”

“शेवटच्या रविवारी. तू औषधाच्या दुकानात गेला होतास. काकू देवळात होत्या.”

मला तो रविवार लख्ख आठवला. मी परत आलो तेव्हा तो अण्णांचा हात धरून बसला होता. मी विचारलं होतं, काही म्हणाले का? अण्णा मंगळवारी गेले.

“तू मला सांगितलंस, झोपलेत म्हणून.”

“सांगणार होतो. देवाशप्पथ, तुला बाजूला घेऊन ऐकवणार होतो. पण सोमवार गेला आणि मंगळवारी तुझा फोन आला. मग कुठल्या तोंडानं सांगायचं? दहाव्याला सांगायचं? वर्षश्राद्धाला?” तो भराभर बोलू लागला. “मी ते रोज ऐकत होतो, रंग्या. रोज. इतकं खरं मी आयुष्यात काही ध्वनिमुद्रित केलं नव्हतं. आणि मग हा आठवा तीर ठरला, तेव्हा वाटलं, तुला हे असं द्यावं. तुमच्याच नावाड्याच्या तोंडून. नुसती फाइल पाठवण्यापेक्षा... ते कायमचे राहतील ना रे यात. जगभर ऐकतील त्यांना.”

“मी दोन वर्षं,” मी म्हणालो, आणि मला पुढचं वाक्य सापडेना. मी सावकाश दुसरं जुळवलं. “ते नाव न घेता गेले, असं समजून मी दोन वर्षं जगलो. तुला माहीत होतं.”

“हो.”

“तू दर रविवारी कुणासाठी येत होतास?”

हा प्रश्न मी विचारायला नको होता, असं मला पुढे कित्येकदा वाटलं. कारण त्याने खोटं उत्तर दिलं नाही. त्याने तोंड उघडलं, विचार केला, आणि मिटलं.

“मी काढून टाकतो,” शेवटी तो म्हणाला. “पुढच्या महिन्यात सुधारणा येईल तेव्हा दुसरा आवाज टाकतो. काकू, तुम्ही म्हणाल तसं.”

आई पदराने डोळे टिपत होती. “नको,” ती म्हणाली. “आता कुठं घालवतोस त्यांना? बस. चहा टाकते.”

ती आत गेली. आम्ही दोघं पंधरा मिनिटं त्या खोलीत एकमेकांकडे न पाहता बसून राहिलो. सातवीत असताना एकाच बाकावर बसून आम्ही एका वहीत सात राज्यांचा नकाशा काढला होता, आणि त्यातल्या नद्या त्याने काढल्या होत्या, हे मला का कोण जाणे तेव्हाच आठवलं.

आई चहा घेऊन आली. यशोधनने सवयीने हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. आईने त्याच्यासमोर कप-बशी ठेवली होती. निळ्या फुलांची, पाहुण्यांसाठी काचेच्या कपाटात असते ती. शेजारी एका ताटलीत दोन बिस्किटंही होती.

तो त्या कपाकडे पाहत राहिला. मी काही बोललो असतो, तर तो सोसू शकला असता. त्याने माझी लांबलचक वाक्यं आयुष्यभर सोसली होती. हे त्याला सोसलं नाही. अर्धा चहा त्याने उभ्यानेच प्यायला आणि कप दोन्ही हातांनी, जपून, बशीत ठेवला.

“उसळ झालेली नाही अजून,” आई म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता. परक्या माणसाशी बोलतानाचं अगत्य होतं.

“असू दे, काकू.”

दारात तो माझ्याकडे वळला. “सहाला काय लिहिशील?”

मी चपला नीट लावत असल्यासारखा खाली वाकलो.

“जे खरं वाटेल ते लिही,” तो म्हणाला. माझ्या प्रत्येक लेखाआधी तो हेच म्हणत असे.

मी खरं लिहिलं. नकाशा, लढाया, जिने, नवे मंत्र, जुन्या नगरांचे नवे रंग. कुठे सुधारलंय, कुठे नुसता मुलामा आहे, हे सगळं मी न्यायाने तोललं. जवळ असलेला खेळ पुन्हा का घ्यावा, या प्रश्नाला त्या सगळ्यातून उत्तर मिळत नव्हतं. उत्तर एकच होतं, आणि ते आठव्या तीरावर होतं. इतकी थोर, इतकी हलवून टाकणारी गोष्ट मी दुसऱ्या कुठल्याच खेळात ऐकली नव्हती. आजही ऐकलेली नाही. कापड खरंच होतं. ते माझ्या घरातून कापून नेलेलं होतं, एवढंच.

आवाजाबद्दल मी एक अक्षरही लिहिलं नाही. सहाला दोन मिनिटं असताना शेवटची ओळ लिहिली.

‘सोडावी.’

सात वाजता यशोधनचा निरोप आला. “आवाजाबद्दल एक ओळही नाही. रंग्या, तू खोटं लिहिलंस.” मी तो वाचला. त्याचं बरोबर होतं. त्यानंतर आमच्यात शब्द नाही.

ती आवृत्ती बरी चालली. माझ्या शब्दाने तिचं काही अडलं नाही. अडलं माझं. पुढच्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र आलं: ‘तुमच्या शब्दावर सोडली.’ नेहमीसारखेच आभार होते त्यात. मी ते दोनदा वाचलं आणि त्यानंतर ‘खेळवही’त काही लिहिलं नाही. संकेतस्थळ अजून आहे. वर तोच लेख आहे, खाली तोच शब्द.

आई आता चौसष्ट वर्षांची आहे. रविवारी दुपारचं आवरलं की ती म्हणते, “लाव रे.” पहिली काही वर्षं मी तिच्यासाठी होडी चालवली. मग एकदा तिने कंट्रोलर मागून घेतला. एकच बटण दाबून धरायचं असतं, हे तिने अण्णांना करताना पाहिलं होतं. आता मी सातव्या तीराचा धक्का लावून देतो आणि बाहेर गच्चीत जाऊन उभा राहतो. सुबाभूळ अजून आहे. पाखरंही आहेत.

आतून पाण्याचा आवाज येतो. मग अण्णा पाणी मागतात आणि आई म्हणते, “आले हं, आले.” मग बराच वेळ काही नाही, होडी घाटाकडे जात असते. मी कठडा धरून उभा राहतो.

मग ते मला हाक मारतात.

मी अजून एकदाही ओ दिलेली नाही.